सांगणारो खंय रवलो?

आजीचं माहेर कुडाळजवळचं. तिच्या लहानपणी पिंगुळीचे ठाकर देवळात चित्रकथी मांडत. एकाच्या हाती वीणा, दुसऱ्याकडे हुडूक, तिसऱ्याकडे टाळ आणि पुढ्यात पोथी. पोथी म्हणजे रामायण-महाभारतातल्या आख्यानांच्या चित्रांची चळत, दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. माणसं बाजूने काढलेली, डोळे मात्र टपोरे. सावंतवाडीच्या भोसल्यांनी या कलेला आश्रय दिला होता. आजीला ते ठाऊक नव्हतं. तिला आठवायचं ते एवढंच, की रावण सीतेला उचलतो त्या चित्रापाशी गाणारा थांबायचा, आणि बायकांनी डोळे पुसल्याशिवाय पुढचं चित्र वर यायचं नाही.

मी आठ वर्षांची असताना वडिलांनी मुंबईहून ‘अमर चित्र कथा’चा ‘कृष्ण’ आणला. ही मालिका अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केली. दिल्लीत दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत ग्रीक देव ओळखणारी मुलं रामाच्या आईच्या नावाला अडली, ते पाहून हे काम हाती घेतलं, असं ते सांगत. राम वाईरकरांनी रेखाटलेला तो निळा कृष्ण मी उशाशी घेऊन झोपायचे. आजही कृष्ण म्हटलं की डोळ्यांपुढे तोच येतो. त्या ३२ पानांचं ऋण मोठं आहे. पण घराघरातल्या कृष्णाला त्यांनी एकच चेहरा दिला, याची हुरहूरही वाटते.

आजीने पुस्तक हातात घेतलं. पात्रांच्या तोंडाशी आलेल्या पांढऱ्या फुग्यावर बोट ठेवून म्हणाली, “ह्या काय गो? तोंडातसून धूर कसलो येता?”

“तो बोलतोय, आजी. आत लिहिलंय.”

ती बराच वेळ बघत राहिली. “मगे सांगणारो खंय रवलो?”

पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात चित्रकथीचं संग्रहालय उभं केलं, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती बातमी वाचली तेव्हा मला आजीचा हाच प्रश्न आठवला.

पुस्तक आलं त्या रात्री आजीने मला ते वाचू दिलं नाही. कालियाच्या फण्यावर उभा कृष्ण, एवढं एकच चित्र उघडं ठेवून ती सांगत राहिली. डोहाचं पाणी कसं काळं पडलं, नागाच्या बायका पदर पसरून कशा आल्या, काठावर यशोदेने कसा ऊर बडवला. मी पान उलटायला हात पुढे केला.

“रव,” आजी म्हणाली, “यशोदा अजून रडताहा.”