जप्तीच्या दारात मिळालेली उसंत



बेलिफ गावात आला की काही घरचा कर्ता माणूस परसदाराने रानात निघून जातो. समन्स हातात घेतलं नाही म्हणजे संकट टळलं, असं त्याला वाटतं. ही खोड जुनी आहे आणि हिनेच सातारा-सांगली भागातल्या कितीतरी जमिनी गिळल्या. कर्जदाराला कायद्याने उसंत मिळाली ती कशी आणि कोणाला, ते आज पाहू.

वह्या का जळाल्या?

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा आपल्याकडच्या कापसाला भाव आला आणि सावकारानेही हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळला. त्यातच नव्या पाहणीने काही तालुक्यांचा शेतसारा वाढला. कर्ज मात्र जागेवरच राहिलं.

त्यात १८५९ च्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातलेली. हेतू बरा होता, पण झालं उलटंच. मुदत भरत आली की सावकार मागचं व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घेई. खाली कुणब्याची नांगराची निशाणी. वर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नसे. पुढे दावा लागला की तो कोर्टात जात नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. मग जप्ती, लिलाव, नाहीतर दिवाणी तुरुंग.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी लोक उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं. सप्टेंबरात साताऱ्याच्या दक्षिण टोकाला कोकरूड इथेही सावकाराचं घर फुटलं. हे गाव आज सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात आहे. लोकांचा रोख मुख्यतः खतांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. कागद जळाला की कर्ज जळालं, अशी त्यांची समजूत. पण कागद जाळून जमीन सुटली नाही; दंगेखोर म्हणून कित्येकांना शिक्षा मात्र झाल्या.

१८७९ चा कायदा

सरकारने चौकशीला कमिशन नेमलं आणि पुढे १८७९ साली 'दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा' झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. सांगली, मिरज, जत ही संस्थानं असल्याने तिथली गोष्ट वेगळी.

या कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालणं बंद केलं. जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर साध्या कर्जापायी तिचा लिलाव करता येईना. मुन्सफाने नुसतं खत पाहून निकाल द्यायचा नाही. कर्जाची मुळापासून चौकशी करायची, मुद्दल वेगळं आणि व्याज वेगळं काढायचं, झेपतील असे हप्ते बांधून द्यायचे, असं ठरलं. पैसे भरले की पावती मागण्याचा हक्कही मिळाला.

पण सावकारानेही वाट काढली. गहाणाऐवजी तो सरळ खरेदीखत करून घेऊ लागला. "पैसे दे आणि जमीन परत घे" हे फक्त तोंडी. पुढे अशा खरेदीमागचा खरा व्यवहार तपासण्याची दुरुस्ती कायद्यात करावी लागली. दुसरी अडचण अशी की सावकार हात आखडू लागला आणि बी-बियाण्याला पैसा मिळेना. म्हणून १८८३ व १८८४ चे तगाईचे कायदे आणि १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा यांना महत्त्व आलं. उसंतीने जप्ती थांबते. पेरणीला पैसा दुसरीकडूनच उभा करावा लागतो.

आधी तहकुबी, मग तडजोड

१९३८ साली मुंबई सरकारने लहान खातेदारांसाठी तात्पुरता कायदा करून जमिनीवरच्या जप्ती-लिलावाला तहकुबी दिली. ही तहकुबी म्हणजे माफी नव्हे. कायमचा तोडगा निघेपर्यंतची ती सवड होती. तो तोडगा १९३९ च्या कर्जनिवारण कायद्याने आला. त्यात कर्जाच्या तडजोडीसाठी बोर्डं होती. १९४७ च्या नव्या कायद्याने हे काम दिवाणी कोर्टांकडे गेलं. कर्जदाराचा अर्ज दाखल झाला की चालू दावे आणि दरखास्ती त्याच कोर्टाकडे येत, सगळ्या कर्जाचा एकत्र हिशेब होई. मात्र अर्जाला मुदत होती. ज्याने वेळेत अर्ज दिला आणि आपली सगळी देणी खरी सांगितली, त्याची जमीन वाचण्याची आशा होती. घरी बसून राहिला त्याला कायद्याचा उपयोग नव्हता.

आज काय करावं?

ते जुने कायदे आता नाहीत, पण रिकाम्या हाताने राहायचं कारण नाही.

१. समन्स घ्या आणि तारखेला हजर राहा. एकतर्फी हुकूमनामा फिरवणं फार अवघड जातं.

२. दिवाणी कायद्याप्रमाणे शेतकऱ्याची औतं आणि पोटापाण्याला लागणारी जनावरं व बियाणं यांना जप्तीतून सूट आहे. ती कोर्टाला सांगा.

३. सावकाराकडे परवाना नसेल, किंवा कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल, तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी अर्ज करा. उशीर करू नका.

४. वकील परवडत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. नियमात बसणाऱ्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

५. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती सातबाऱ्याबरोबर एका पिशवीत जपून ठेवा.

आपल्या पणजोबांना खतावर नांगर काढावा लागला, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. आज घरातला शाळकरी पोरगा किंवा पोरगी कागद वाचून दाखवू शकते. पुढच्या वेळी बेलिफ आला तर रानात जाऊ नका. कागद घ्या, पोरांकडून वाचून घ्या आणि तारीख भिंतीवर लिहून ठेवा.