बाळाला दुखतं, हे सिद्ध करावं लागलं

नवजात बाळाला वेदना होतात, हे वैद्यकशास्त्राला पटायला 1987 साल उजाडावे लागले, असे सांगितले तर कुणाही आईला ते खरे वाटणार नाही. विसाव्या शतकात बराच काळ समज असा होता की, अर्भकाची मज्जासंस्था अपुरी असते आणि त्याचे रडणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असते. भुलीच्या औषधांची भीतीही होती. त्यामुळे अनेक बाळांवर हालचाल थांबवणारे औषध देऊन, पण वेदना न शमवताच शस्त्रक्रिया होत. 1985 मध्ये वॉशिंग्टनला अशा शस्त्रक्रियेनंतर अपुऱ्या दिवसांचे एक बाळ दगावले. त्याच्या आईने हा प्रकार जगासमोर आणला. पुढे 1987 मध्ये, इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. के. जे. एस. आनंद यांनी दाखवून दिले की, पुरेशी भूल न मिळालेल्या बाळांच्या शरीरावर जास्त ताण येतो आणि गुंतागुंतही वाढते.

शस्त्रक्रियेचा प्रश्न असा मार्गी लागला. पण लस टोचताना किंवा टाचेतून रक्त घेताना काय करायचे? तिथे दरवेळी औषध देता येत नाही. 1991 मध्ये ब्लास आणि हॉफमेयर यांना आढळले की, आधी साखरेचे पाणी दिलेली बाळे टाच टोचताना साध्या पाण्यापेक्षा निम्मीच रडतात. 2000 साली बोस्टनमधील अभ्यासात आईच्या उघड्या छातीशी धरलेल्या बाळांचे रडणे 82 टक्क्यांनी कमी भरले.

इब्न सिना (मृत्यू 1037) यांनी ‘अल-कानून’मध्ये बाळासाठी हलके झुलवणे आणि अंगाई या दोन गोष्टी सांगितल्या आहेत. हे वाचून ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. खजूर चावून बाळाच्या टाळूला लावण्याची तहनीकची प्रथा बरकतीसाठी होती, वेदनेवरचा उपाय म्हणून नव्हे. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणे तर धोक्याचे आहे. इब्न सिनांचे मोठेपण वेगळे आहे. घरातल्या बाया रोज जे करत होत्या, ते त्यांनी वैद्यकाच्या ग्रंथात नोंदवण्याजोगे मानले.

2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लस देताना बाळाला जवळ घेण्याची आणि अंगावर पाजण्याची शिफारस केली. तेव्हा पुढच्या वेळी लसीकरणाला गेलात आणि कुणी बाळाला टेबलावर ठेवायला सांगितले, तर संकोच न करता विचारा: “मी पाजत असताना सुई दिली तर चालेल का?”