उल्का आणि हवामान : एकच गोत्र
(प्रस्तावना)

उल्काशास्त्राकडे नव्याने वळणारा वाचक पहिल्यांदा अडखळतो तो शास्त्राच्या नावापाशीच. इंग्रजीत उल्केला ‘मीटिऑर’ म्हणतात, मग ‘मीटिऑरॉलॉजी’ हे उल्कांचे शास्त्र असायला हवे. निघते मात्र पाऊसपाण्याचे! पुण्यात हवामान खात्याच्या ‘शिमला ऑफिसा’त मोसमी पावसाचा हिशोब होतो, उल्कांचा नाही.

हा घोळ जुना आहे आणि शिकवणाराही आहे. ग्रीकमधल्या ‘मेटिओरॉन’चा अर्थ वर उचललेले, अधांतरी असलेले. इ.स.पू. चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने ‘मीटिऑरॉलॉजिका’ लिहिले. त्यात ढग, गारा, वीज, इंद्रधनुष्य, उल्का, धूमकेतू, इतकेच काय, आकाशगंगाही एका पंगतीत बसवली. चंद्रापलीकडचे आकाश त्याच्या मते अविकारी, तिथे काही पेटणे-विझणे संभवतच नव्हते. म्हणून तुटता तारा चंद्राच्या अलीकडचा ठरला : जमिनीतून निघालेली कोरडी वाफ वर जाऊन पेट घेते, एवढेच. इंग्रजीने हा शब्द उचलला तेव्हाही त्याचा अर्थ असाच ऐसपैस होता. वारा हा हवेचा मीटिऑर, पाऊस पाण्याचा, वीज आणि उल्का अग्नीच्या. हवामानतज्ज्ञ आजही पावसाच्या थेंबांना आणि हिमकणांना ‘हायड्रोमीटिऑर’ म्हणतात.

ग्रीकांना हसण्याआधी वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ उघडावी. तिथे उल्केचे पाच प्रकार सांगितले आहेत : धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत आणि तारा. म्हणजे वीज इथेही उल्केच्याच घरात. उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला क्षणात चमकून विझणाऱ्या गोष्टी एका जातीच्या वाटल्या, यात नवल नाही.

ही गाठ सुटायला अठरावे शतक सरत यावे लागले. ध्वनिशास्त्रासाठी प्रसिद्ध असलेल्या क्लाडनीने 1794 मध्ये छोटेखानी पुस्तक लिहून सांगितले, की आकाशातून पडणारे लोखंड आणि दगड पृथ्वीबाहेरून येतात. विद्वानांनी त्याला वेड्यात काढले. पण 1798 मध्ये ग्योटिंगेनच्या ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग या दोन विद्यार्थ्यांनी एक सुंदर युक्ती केली. काही किलोमीटर अंतरावर बसून दोघांनी एकाच वेळी आकाश न्याहाळले. तीच उल्का प्रत्येकाला ताऱ्यांच्या वेगळ्या पार्श्वभूमीवर दिसली आणि त्या फरकावरून त्यांनी तिची उंची काढली. ढगांच्या कितीतरी वर, शंभर किलोमीटरच्या आसपास! माझ्या मते या शास्त्राचा खरा जन्म तिथला. साधने म्हणावीत तर डोळे, घड्याळ आणि ताऱ्यांचा नकाशा.

पुढचे झपाट्याने झाले. 1803 मध्ये फ्रान्समधल्या लेग्ल गावी दगडांचा वर्षाव झाला आणि त्याची पाहणी करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ बियोच्या अहवालाने शंकेखोरांची तोंडे बंद केली. 1833 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत सिंह राशीतून उल्कांची झड लागली. 1866 मध्ये खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेली याने ऑगस्टमधल्या उल्कांचा संबंध धूमकेतूशी जोडला.

आता परिभाषा नेमकी झाली आहे. अवकाशात फिरतो तो खडा ‘मीटिऑरॉइड’, वातावरणात दिसतो तो प्रकाश ‘मीटिऑर’ म्हणजे उल्का, आणि जमिनीपर्यंत पोचतो तो दगड ‘मीटिऑराइट’, मराठीत अशनी. म्हणजे अ‍ॅरिस्टॉटल निम्मा बरोबरच होता : खडा बाहेरचा असला, तरी उजेड आपल्या हवेतच होतो. सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगाने तो हवेत घुसतो, म्हणून वाळूच्या कणाएवढा असूनही दिसतो.

वाचकाने मात्र पुस्तकावर थांबू नये. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला वर्षाव आपल्याकडे बहुधा ढगांत बुडतो. डिसेंबरच्या 13-14 तारखेची रात्र धरावी, मिथुन राशीतल्या उल्का तेव्हा ऐन भरात असतात. दुर्बीण नको. शहरापासून लांब जावे, चटईवर उताणे पडावे, अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास द्यावा आणि दिसेल त्या प्रत्येक उल्केची वेळ व दिशा वहीत टिपावी.