बिनतारीचे हौशी उपासक

आपल्या मराठींत 'हौशी' ह्या शब्दाला थोडासा कमीपणा चिकटलेला आहे. हौशी नट म्हटला कीं तो तालमीला उशिरां यावयाचा, हौशी गवई म्हटला कीं तो तालाला कच्चा असावयाचा, असें आपण गृहीत धरून चालतों. आज ज्या मंडळींचा इतिहास मी आपल्यापुढें थोडक्यांत ठेवणार आहें, त्यांनीं ह्या शब्दाची प्रतिष्ठा वाढविली आहे. स्वतःच्या घरीं बिनतारी यंत्र मांडून दूरदेशींच्या अनोळखी माणसाशीं संभाषण करणारे हे लोक. जगभर त्यांना 'हॅम' असें म्हणतात. त्यांच्या यंत्राला सरकारचा परवाना लागतो, परवान्यापूर्वीं परीक्षा द्यावी लागते, आणि परवान्याची मुख्य अट अशी कीं ह्या यंत्राच्या योगें एक कवडीहि मिळवावयाची नाहीं. स्वशिक्षण, परस्परांशीं संभाषण आणि तांत्रिक संशोधन एवढे तीनच हेतु आंतरराष्ट्रीय नियमांनीं त्यांना घालून दिले आहेत. हौसेनें शिस्त पत्करली म्हणजे ती समाजाच्या कशी उपयोगी पडते, हें ह्या इतिहासांत स्पष्ट दिसतें.

मी ज्या गांवीं राहतों तें नाशिक जिल्ह्यांतील विंचूर सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर ह्यांच्या नांवामुळें इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. विठ्ठल शिवदेव पानिपतच्या रणांगणावर होते आणि तेथून वांचून परत आले. तो संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळीं माळव्यांत होते. त्यांना त्या सर्वनाशाची पहिली वार्ता लागली ती सुमारें दहा दिवसांनीं, आणि तीहि एका सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेंतून. मोत्यें, मोहरा आणि खुर्दा अशा शब्दांत त्या पत्रानें माणसांच्या मृत्यूचा हिशेब दिला होता. पेशव्यांची ही स्थिति, मग घरोघर वाट पाहणाऱ्या बायकामुलांची काय असेल! संकटाच्या वेळीं खरें वर्तमान वेळेवर मिळणें हें अन्नपाण्याइतकेंच मोलाचें असतें.

पुढें आगगाडी आली आणि आमच्या शेजारच्या लासलगांवच्या स्टेशनावरून तारेचे खांब गेले. बातमी क्षणांत जाऊं लागली. परंतु तार सरकारची आणि कचेरीहि सरकारचीच. शब्दागणिक पैसे मोजून सामान्य माणसानें खिडकीशीं उभें राहावयाचें. शिवाय वादळानें दोन खांब लोळविले कीं सारा व्यवहार बंद! बिनतारी विद्येनें प्रथमच असें घडविलें कीं, संदेश पाठविण्याचें आणि घेण्याचें साधन साध्या गृहस्थाला आपल्या घरांत, आपल्या हातानें बांधतां यावें.

ह्या विद्येच्या उदयकाळीं आपला देशहि मागें नव्हता. जगदीशचंद्र बोस ह्यांनीं कलकत्त्यास १८९५ सालीं विद्युल्लहरींचे प्रयोग जाहीर रीतीनें करून दाखविले. १९०१ च्या डिसेंबरांत मार्कोनी ह्यांनीं अटलांटिक महासागरापलीकडून आलेला संकेत ऐकला. त्यानंतर व्यापारी कंपन्या व सरकारें ह्यांनीं लांब लहरी आपल्या ताब्यांत घेतल्या, आणि दोनशें मीटरच्या आंतल्या लघुलहरी निरुपयोगी समजून अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्यानें हौशांच्या पदरांत टाकल्या. पण झालें भलतेंच! १९२१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील हौशांचे क्षीण संकेत स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ऐकूं आले. वातावरणाच्या वरच्या भागांत विद्युद्भारित थर असून ते लघुलहरींना आरशाप्रमाणें परत पृथ्वीकडे वळवितात, ह्याचा उलगडा शास्त्रज्ञांनीं पुढें केला. टाकाऊ म्हणून दिलेली जमीनच अशी सोन्याची खाण निघाली.

ह्याच संदर्भांत एक गोष्ट मला शाळामास्तर ह्या नात्यानें फार प्रिय आहे. १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं लंडनजवळच्या मिल हिल शाळेंतील सेसिल गॉयडर नांवाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें शाळेच्या यंत्रावरून न्यूझीलंडच्या फ्रँक बेल ह्या हौशी गृहस्थाशीं दुतर्फा संभाषण केलें. पृथ्वीच्या एका टोकाचें दुसऱ्या टोकाशीं असें बोलणें त्यापूर्वीं झालेलें नव्हतें. हाच गॉयडर १९३६ सालीं हिंदुस्थानांत आला आणि ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून १९४६ पर्यंत त्यानें काम केलें. आपल्या देशांतील लघुलहरींच्या केंद्रांची उभारणी त्याच्या देखरेखीखालीं झाली. म्हणजे नभोवाणीचा आवाज खेड्यापाड्यांपर्यंत पोंचला त्याच्या मुळाशीं एका शाळकरी मुलाची हौस आहे!

हिंदुस्थानांत पहिला हौशी परवाना १९२१ सालीं अमरेंद्रचंद्र गुप्तु ह्या बंगाली गृहस्थांना मिळाला. त्याच वर्षीं मुकुल बोस हे दुसरे परवानेदार झाले आणि दुतर्फा संभाषणास आरंभ झाला. एकट्या माणसाचा परवाना काय कामाचा? टाळीला दुसरा हात हवाच. त्याच १९२१ च्या ऑगस्टांत मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियानें तारखात्याच्या साहाय्यानें गायनवादनाचा कार्यक्रम प्रक्षेपित केला व तो गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांनीं पुण्यास ऐकला. १९२३ सालीं मुंबई व कलकत्ता येथें आणि १९२४ सालीं मद्रासेस रेडिओ क्लबांनीं प्रक्षेपण सुरू केलें. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र उघडलें तें २३ जुलै १९२७ रोजीं. तात्पर्य, धंदेवाईक नभोवाणीच्या अगोदर चार वर्षें हौशी क्लबांनीं ही वाट पाडून ठेविली होती. १९२९ सालीं 'व्ही.यू.' हीं अक्षरें हिंदुस्थानच्या वांट्यास आलीं, आणि आजहि प्रत्येक भारतीय हौशाच्या संकेतनामाचा आरंभ त्यांनींच होतो. ह्या संकेतनामांत राजकीय इतिहासहि दडलेला असतो. गोमंतकांतील हौशांच्या नांवामागें १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाचें 'सी.आर. ८' होतें, गोवा मुक्त झाला आणि तेथेंहि 'व्ही.यू.' आलें.

१९३९ सालीं महायुद्ध पेटतांच सरकारनें ह्या मंडळींना आपलीं यंत्रें पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे लेखी हुकूम दिले. अनेक वर्षांच्या कष्टानें, एकेक सुटा भाग जमवून बांधलेलें यंत्र चौकीवर नेऊन द्यावयाचें, ह्यांतील दुःख ज्यानें कांहीं स्वतःच्या हातानें बांधलें आहे त्यालाच कळेल. परंतु यंत्र जप्त करतां आलें तरी डोक्यांतली विद्या कशी जप्त करणार? १९४२ च्या ऑगस्टांत 'चले जाव'ची घोषणा होऊन पुढारी तुरुंगांत पडले, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झाली, तेव्हां मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ निघाला. उषा मेहता ह्या बावीस वर्षांच्या तरुणीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं तो चालविला. राममनोहर लोहिया व आपल्या अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन ह्यांचें त्याला पाठबळ होतें. नरिमान प्रिंटर ह्या मुंबईच्या जुन्या हौशी तज्ज्ञाचें तंत्रज्ञान त्याला लाभलें. ४२.३४ मीटरवर हा आवाज लागे. पोलिसांना माग लागूं नये म्हणून यंत्राचें बिऱ्हाड गिरगांव-चौपाटीच्या परिसरांत एका घरांतून दुसऱ्या घरांत हलत होतें. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं महालक्ष्मीजवळच्या बंगल्यांत छापा पडला आणि उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

काटेकोरपणें पाहतां ह्या प्रयत्नास हौशी बिनतारी म्हणतां येणार नाहीं. कारण त्याला परवाना नव्हता आणि त्याचा हेतु उघड राजकीय होता. तरीहि त्यामागची विद्या हौशांचीच होती. परक्या सरकारला आपल्या प्रजेच्या हातांतील ज्ञानाचें भय वाटत होतें, आणि तें भय खोटें नव्हतें, एवढें ह्या प्रकरणानें सिद्ध केलें.

म्हणूनच स्वातंत्र्यानंतरच्या घटनेला विशेष महत्त्व आहे. १५ मे १९४८ रोजीं महूच्या सिग्नल्स शाळेंत 'अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया' ह्या राष्ट्रीय संस्थेची स्थापना झाली. महू म्हणजे होळकरांच्या मुलुखांतील जुनी छावणी आणि डॉ. आंबेडकरांचें जन्मस्थान. ज्या हौशांचीं यंत्रें नऊ वर्षांपूर्वीं सरकारनें काढून घेतलीं, त्यांनाच आतां स्वतंत्र देशाच्या लष्करी विद्यालयानें आपल्या घरांत जागा दिली. त्या वेळीं साऱ्या देशांत परवानेदार सुमारें पन्नास होते आणि त्यांपैकीं खरोखर काम करणारे डझनभरच! पुढें संस्थेची कचेरी दिल्लीस गेली आणि १५ मे १९५४ पासून ती 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' ह्या नांवानें ओळखली जाऊं लागली. १९२५ सालीं पॅरिसला स्थापन झालेल्या जागतिक हौशी संघांत आपल्या देशाचें प्रतिनिधित्व हीच संस्था करते.

ह्या संस्थेचें समाजजीवन मोठें पाहण्यासारखें आहे. युद्धानंतर लष्करानें विकावयास काढलेलीं जुनीं यंत्रें उघडून त्यांतून पुष्कळांनीं आपलीं यंत्रें उभीं केलीं. मोर्सची कटकट-लिपि कानांत बसेपर्यंत घोकावी लागे. सकाळीं ठराविक वेळीं, ठराविक लहरीवर मंडळी जमतात; एकजण हजेरी घेतो, इतर आपापल्या पाळीनें बोलतात. कोणी प्राध्यापक, कोणी गिरणींतला फिटर, कोणी विद्यार्थी. परंतु लहरीवर सर्वांची ओळख एकच, ती म्हणजे संकेतनाम. राजीव गांधी पंतप्रधान होते तेव्हांहि ह्या जगांत ते 'व्ही.यू. २ आर.जी.' एवढेच होते. राजकारण आणि व्यापार ह्यांना येथें मज्जाव आहे. संभाषण झालें कीं एकमेकांस पोंचेचें कार्ड पाठविण्याची चाल आहे. त्यावर दिवस, वेळ, लहर आणि आवाजाची प्रत नोंदविलेली असते. देशोदेशींचीं अशीं कार्डें एकत्र करून ज्याचीं त्याला पोंचविणें हें राष्ट्रीय संस्थेचें एक नित्याचें काम. निरोप घेतांना 'त्र्याहत्तर' हा आंकडा सांगतात, त्याचा अर्थ 'शुभेच्छा'. आणि एखादा सभासद वारला म्हणजे त्याचा उल्लेख 'मूक झालेली कळ' अशा अर्थाच्या शब्दांनीं करतात. ज्या बोटाखालीं ती कळ वर्षानुवर्षें वाजली, तें बोट आतां थांबलें!

सहज वाटेल कीं ही सारी रिकामपणाची करमणूक आहे. परंतु दररोजची ही हजेरी म्हणजे एक प्रकारची कवाईत आहे, आणि तिचा उपयोग कधीं होतो हें सांगून येत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर-उस्मानाबाद भागांत किल्लारीचा भूकंप झाला व सुमारें दहा हजार माणसें मातीच्या घरांखालीं गाडलीं गेलीं. अशा वेळीं मदत करणाऱ्या हातांना निरोपांची जोड द्यावी लागते. कोठें डॉक्टर हवा, कोठें तंबू हवे, कोणाचा मुलगा जिवंत आहे. हीं वर्तमानें वाहून नेण्याच्या कामीं हौशी मंडळींनीं हात लाविला. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपांतहि तेंच घडलें.

सर्वांत बोलकें उदाहरण अंदमानचें आहे. डिसेंबर २००४ मध्यें भारती प्रसाद ह्यांच्या नेतृत्वाखालीं एक तुकडी पोर्ट ब्लेअरला गेली होती. त्या बेटांवरून बऱ्याच वर्षांत हौशी संभाषण झालेलें नव्हतें, म्हणून जगभरचे छंदी त्यांचा आवाज मिळविण्यास धडपडत होते. हा शुद्ध खेळ होता. २६ डिसेंबरच्या सकाळीं भूकंप झाला, समुद्र आंत आला, आणि दूरध्वनि बंद पडले. त्या क्षणीं खेळाचें यंत्र सेवेचें झालें. बेटावर अडकलेल्यांचे निरोप त्यांच्या नातलगांपर्यंत व अधिकाऱ्यांपर्यंत त्या यंत्रानें पोंचविले. तयारी अगोदर झालेली होती, म्हणूनच हें साधलें. ५ मे २००५ रोजीं श्रीहरिकोट्याहून आपल्या देशानें 'हॅमसॅट' नांवाचा उपग्रह खास ह्या हौशांसाठीं आकाशांत सोडला. तो २०१४ पर्यंत कामांत होता.

आतां कोणी विचारील, आज प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे, मग हा खटाटोप कशाला? त्याला उत्तर एकच. मोबाइलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते, आणि मनोरे व वीज हीं भूकंपानें व महापुरानें बहुधा पहिल्या तडाख्यांतच निकामी होतात. हौशाला मोटारीची एक बॅटरी व झाडाला बांधलेली एक तार पुरते. त्याहूनहि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, मोबाइल वापरणारा यंत्राचा गिऱ्हाईक असतो. हौशी मनुष्य यंत्राचा जाणकार असतो. जो समाज केवळ गिऱ्हाइकांचा बनतो, तो संकटाच्या पहिल्या रात्रीं मुका होतो.

हा परवाना शाळकरी वयांतील मुलामुलींनाहि परीक्षा देऊन मिळूं शकतो. नाटकमंडळी, वाचनालय, तालीम ह्या संस्था आपल्या गांवांनीं वर्गणी काढून उभ्या केल्या. त्यांच्या जोडीला तालुक्यागणिक एका शाळेंत एक बिनतारी खोली कां असूं नये? मिल हिलच्या शाळेंत जें झालें तें निफाड-येवल्याच्या शाळेंत होणार नाहीं असें मानण्यास कांहींहि आधार नाहीं. पानिपतची वार्ता येण्यास दहा दिवस लागले, ह्याला त्या काळच्या लोकांचा इलाज नव्हता. आपला इलाज आपल्या हातीं आहे. आपल्या घरांतील एखादें मूल जुना रेडिओ उघडून बसलेलें दिसलें, तर त्याला रागावूं नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.