करडीचें धान आणि आंधळगांवचें लुगडें

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या मनुष्याला आपल्या विषयांतील कोणता सिद्धांत सर्वांत प्रिय आहे असें विचारलें, तर तो बहुधा तुलनात्मक लाभाच्या सिद्धांताचें नांव घेईल. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांना उलाम नांवाच्या गणितज्ञानें एकदां आव्हान दिलें होतें कीं, तुमच्या साऱ्या सामाजिक शास्त्रांत जें खरें आहे, पण सहज दिसण्यासारखें नाहीं, असें एक तरी विधान दाखवा. सॅम्युएल्सन यांना उत्तर सुचावयास पुष्कळ वर्षें लागलीं. आणि शेवटीं सुचलें तें हाच सिद्धांत. प्रस्तुत लेखकानेंही तो जवळजवळ तीस वर्षें फळ्यावर मांडला आहे, व प्रत्येक वेळीं मांडतांना त्याला एक प्रकारचा बौद्धिक आनंद झालेला आहे. परंतु दोन वर्षांपूर्वीं भंडारा जिल्ह्यांतील करडी ह्या गांवाहून आलेल्या एका विद्यार्थ्यानें तास संपतां संपतां एक प्रश्न विचारला, आणि त्याला मीं जें उत्तर दिलें तें माझें मलाच पटलें नाहीं. पुढील विवेचन म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती होय.

प्रथम सिद्धांत काय आहे तें पाहूं. ॲडम स्मिथ यानें १७७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत सांगितलेली गोष्ट कोणत्याही गृहिणीस समजण्यासारखी आहे. शिंपी आपले जोडे स्वतः शिवीत बसत नाहीं, आणि चांभार आपला अंगरखा स्वतः बेतीत नाहीं. स्कॉटलंडसारख्या थंड देशांतही कांचघरें उभारून द्राक्षें पिकवितां येतील व त्यांचें मद्यही करतां येईल. पण तें परदेशांतून आणलेल्या मद्याच्या तीसपट महाग पडेल. तेव्हां जो देश जी वस्तु स्वस्त करतो त्यानें ती करावी व बाकीच्या विकत घ्याव्या. यालाच आपण निरपेक्ष लाभ म्हणतों. पण येथें एक अडचण उत्पन्न होते. समजा, एखादा देश सर्वच गोष्टींत दुसऱ्याहून सरस असला तर? दुबळ्या देशाशीं व्यापार करून त्याला काय मिळणार? आणि त्या दुबळ्यानें तरी विकावें काय?

ह्या अडचणीचा उलगडा डेव्हिड रिकार्डो यानें १८१७ सालीं केला. तो मी विद्यार्थ्यांना नेहमीं वैनगंगेच्या खोऱ्यांतील दोन गांवांचें उदाहरण घेऊन समजावीत असें. करडी हें धान पिकविणारें गांव. त्याच मोहाडी तालुक्यांतील आंधळगांव हें कोष्ट्यांचें, मागांचें गांव. अशी कल्पना करूं कीं, आंधळगांवच्या लोकांस एक लुगडें विणावयास चार दिवस लागतात व एक मण धान पिकवावयास आठ दिवस. करडीकरांस मात्र लुगड्यास बारा दिवस व मणभर धानास दहा दिवस लागतात. म्हणजे आंधळगांव दोन्ही कामांत सरस. तरीसुद्धां आंधळगांवकरानें एक मण धान स्वतः पिकविलें तर त्याचीं दोन लुगडीं बुडतात. करडीकराचें मात्र एक लुगडेंही पुरतें बुडत नाहीं. आतां करडीनें धानच पिकवावें, आंधळगांवानें लुगडींच विणावीं, आणि मणाला एक लुगडें ह्या दरानें अदलाबदल करावी. करडीकराला बारा दिवसांचें लुगडें दहा दिवसांच्या श्रमांत मिळतें. आंधळगांवकराला आठ दिवसांचें धान चार दिवसांच्या विणकामांत मिळतें. दोघेही सुखी! दुबळ्यालाही बाजारांत स्थान आहे, आणि सबळालाही दुबळ्याची गरज आहे, असें हें मोठें दिलासा देणारें तत्त्व आहे.

हा हिशेब पुरा होतांच तो विद्यार्थी उठून उभा राहिला व म्हणाला, “सर, आंधळगांवला माझ्या पणज्याचा माग होता. तो मोडला आणि ते करडीला येऊन दुसऱ्याच्या बांधींत मजूर झाले. तुमच्या ह्या हिशेबांत ते कोठें बसतात?” मीं उत्तर दिलें कीं, कांहीं काळानें असे श्रम दुसऱ्या अधिक लाभदायक धंद्यांत सामावले जातात. तो “होय सर” म्हणून खालीं बसला. त्याच्या त्या “होय” मध्यें आदर होता. पण पटल्याची खूण नव्हती.

त्याच्या पणज्याचा माग कां मोडला, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारामुळें नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा ह्या टापूंत रेशीमकांठी लुगडीं, धोतरें व पागोटीं यांचा धंदा भरभराटलेला होता. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजीराजे वारले आणि इंग्रजांनीं राज्य खालसा केलें. दरबारासवें दरबारी गिऱ्हाईकही गेलें. पुढें १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि वऱ्हाड व हिंगणघाट येथील कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोहोंचली. ह्याच सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाड यांसाठीं नेमलेले कापूस-कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यांनीं आपल्या अहवालांत जो विचार मांडला, तो मुळांतून वाचण्यासारखा आहे. त्याचा आशय असा: आगगाडीनें विलायती कापड इतकें स्वस्त येईल कीं देशी कापड त्यापुढें टिकणार नाहीं, मग येथें सुतासाठीं खर्च होणारा कापूस निर्यातीस मोकळा होईल, आणि सूत कातणारे व कापड विणणारे हात शेतीच्या कामीं लागून पडीत जंगलही लागवडीस येईल.

वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, हा रिकार्डोचाच धडा आहे. कमिशनरसाहेब दुष्ट नव्हते. ते तर्कशुद्ध होते. इंग्लंडानें कापड करावें, वऱ्हाडानें कापूस पिकवावा, आणि कोष्ट्यानें नांगर धरावा. फळ्यावर ह्या वाक्यांत एकही चूक सांपडत नाहीं. मग चूक कोठें झाली?

निवाडा करतांना दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. स्वस्त कापडानें गरिबाच्या अंगावर वस्त्र आलें, ही गोष्ट नाकारण्यांत अर्थ नाहीं. ज्या करडीच्या कुणब्याला वर्षाकांठीं एक धोतर घेतां घेतां नाकीं नऊ येत, त्याला दुसरेंही घेतां आलें असेल. शिवाय सगळे माग कांहीं बंद पडले नाहींत. हातसूत कातणाऱ्या बायांचा धंदा मात्र पार बुडाला. पण विणकरानें गिरणीचें सूत घेतलें आणि तो तग धरून राहिला. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटा यांनीं नागपुरास एम्प्रेस मिल चालू केली. तिच्यासारख्या गिरण्यांचें सूत पुढें ह्या मागांवर चढूं लागलें. कांठाचें बारीक काम, सणावाराचीं लुगडीं, जाड टिकाऊ लुगडीं, यांत गिरणीचें यंत्र लवकर शिरूं शकलें नाहीं. म्हणजे कोष्ट्यानेंही, सिद्धांत न वाचतां, आपला तुलनात्मक लाभ शोधून काढला होता!

परंतु ज्याला असा आसरा मिळाला नाहीं, त्याचें काय? येथें सिद्धांताच्या तळाशीं दडलेलीं गृहीतें उघडीं पडतात. रिकार्डोचा हिशेब असें धरून चालतो कीं, एका धंद्यांतून सुटलेला मनुष्य दुसऱ्या धंद्यांत कामास लागतो. पण भंडाऱ्याच्या धानशेतीचा वर्षक्रम पाहा. आषाढांत रोवणी, दिवाळीच्या पुढेंमागें कापणी, मग मळणी; आणि त्यानंतर पाणी नसलेल्या बांधींत मजुराला कामच नाहीं. मागावर जो मनुष्य वर्षाचे बहुतेक महिने राबत असे, तो बांधींत फार तर चारपांच महिने राबतो. त्याचे श्रम मोकळे झाले खरे. पण ते मोकळेच राहिले! शिवाय १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या सालीं मध्यप्रांतावर जे दुष्काळ कोसळले, त्यांत ज्याच्या घरीं धान नाहीं व ज्याच्या कापडाला गिऱ्हाईक नाहीं, असा विणकर पहिल्या फटक्यांतच आडवा झाला.

दुसरी वाट गिरणीची होती. माग मोडलेल्या कोष्ट्याच्या मुलाला नागपूरच्या गिरणींत काम मिळालें असतें, तर सिद्धांत बराचसा खरा ठरला असता. आणि कांहींना तें मिळालेंही. पण तेथें सरकारनें हात आखडता घेतला. १८८२ सालीं विलायती कापडावरील आयात जकात उठविली. आणि १८९६ सालीं पैशाच्या गरजेपोटीं साडेतीन टक्के जकात ठेवावी लागली, तेव्हां लँकेशायरची तक्रार नको म्हणून येथील गिरण्यांच्या कापडावरही तितकाच अंतर्गत कर बसविला. हा कर १९२५ च्या डिसेंबरांत तहकूब झाला व १९२६ सालीं रद्द झाला. व्यापार खुला होता असें आपण म्हणतों. पण दार एकाच बाजूनें उघडत होतें.

न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर जें व्याख्यान दिलें, त्यांत ह्या दुखण्यावर नेमकें बोट ठेवलें आहे. उष्ण देशांनीं कच्चा माल पिकवावा व थंड देशांनीं तो पक्का करावा, ही वांटणी निसर्गनियम म्हणून सांगितली जाते. पण ती निसर्गानें केलेली नाहीं, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. पोर्तुगालची कथाही हेंच सांगते. रिकार्डोनें कापडासाठीं इंग्लंड व मद्यासाठीं पोर्तुगाल हीं उदाहरणें घेतलीं. त्याच्या आंकड्यांत तर पोर्तुगालच दोन्ही कामांत सरस धरलेला आहे. परंतु प्रत्यक्षांत हा व्यवहार १७०३ च्या मेथ्युएन तहानें बांधला गेला होता. इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालांत मुक्तद्वार मिळालें, पोर्तुगीज मद्यावर इंग्लंडांत फ्रेंच मद्यापेक्षां एक-तृतीयांश कमी जकात ठरली. आणि पोर्तुगालचा कापडधंदा खालावला. एका पिढीचा तह दुसऱ्या पिढीला निसर्ग वाटूं लागतो.

याचा अर्थ सिद्धांत खोटा आहे काय? मुळींच नाहीं. लाभ कोठें आहे हें तो अचूक सांगतो. तो लाभ कोणीं व कसा निर्माण केला, आणि झालेला नफा कोणाच्या पदरांत पडला, हें मात्र तो सांगत नाहीं. हीं दोन प्रश्नचिन्हें आपण त्याच्यापुढें मांडलीं पाहिजेत. ह्याच भंडारा जिल्ह्याचें धान घ्या. धान येथें पिकतें तें केवळ पाऊस पडतो म्हणून नव्हे. गोंडांच्या राज्यांत कोहळी लोकांनीं पिढ्यान् पिढ्या खपून तलाव व बोड्या बांधल्या. आज त्यांना आपण माजी मालगुजारी तलाव म्हणतों. धानाचा तो तुलनात्मक लाभ फावड्यानें खणून काढलेला आहे! त्याच जिल्ह्याच्या तुमसर भागांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगेनीज सांपडलें. तें तर खरोखर निसर्गाचें देणें. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं तें दगडाच्या रूपानेंच आगगाडींत व बोटींत चढलें, आणि त्याचें पोलाद दुसऱ्या देशांत झालें. ज्या जिल्ह्याला निसर्गानें दिलें त्याच्या वांट्यास खड्डा आला. ज्यांनीं कौशल्य मिळविलें त्यांच्या वांट्यास कारखाना आला.

गेल्या माघांत मी त्या विद्यार्थ्याबरोबर करडीस गेलों होतों. धान कापून झालेलें होतें. बांधींत नुसते धसकट उभे होते, आणि गल्लींत दोनतीन घरांना कुलुपें होतीं. “पोरं नागपूरला गेलीत कामाला, आता रोवणीलाच येतील,” असें शेजारच्या म्हाताऱ्या बाईनें सांगितलें. परत येतांना आम्ही आंधळगांवीं थांबलों. तेथें टसराच्या मागावर एक मनुष्य करवतकांठी विणीत बसला होता. करवतीच्या दांत्यांसारखा तो कांठ हातानें धोटे फिरवूनच उतरतो. टसराचे कोसे जंगलांतील ऐनाच्या झाडांवर ढीवर लोक पाळतात. जंगल, किडा, आणि पिढीजात हात: ह्या मालाशीं यंत्राला सहजासहजीं बरोबरी करतां येत नाहीं. माझा विद्यार्थी बराच वेळ त्या धोट्याकडे पाहत होता. शेवटीं त्यानें विचारलें, “सर, हा जर लाभ आहे, तर दीडशें वर्षांपूर्वीं तो कोणाला कां दिसला नाहीं?”

ह्या वेळीं मीं उत्तर देण्याची घाई केली नाहीं. आतां देतों. दिसला असता, पण तो पाहण्याचें काम ज्यांच्याकडे होतें ते कापूस मोजीत होते, माणसें मोजीत नव्हते. तुलनात्मक लाभाचा सिद्धांत मी पुढील वर्षींही शिकवीन, आणि करडी-आंधळगांवचा हिशेबही तोच ठेवीन. फक्त त्याच्याखालीं आणखी एक ओळ लिहीन: माग सोडून आलेल्या मनुष्याला बांधींत वर्षाचे किती दिवस काम मिळालें? ज्या राज्यकर्त्यानें ही ओळ भरून काढली, तलाव खणला, शाळा काढली, गिरणीचें दार उघडें ठेवलें, त्याच्या देशांत रिकार्डो खरा ठरतो. ज्यानें ती कोरी सोडली, त्याच्या देशांत हिशेब बरोबर येतो. पण मनुष्य हिशेबाबाहेर राहतो.