कोतवालाची वही आणि ऑनलाइन अर्ज

मंडळी, बारावीचा निकाल लागला की आपल्या भंडारा जिल्ह्यातली सेतू केंद्रं भरून जातात. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर एकेक कागद स्कॅन करून चढवायचा. गुणपत्रिका, टी.सी., डोमिसाइल, जातीचा दाखला... हे सगळं जमतं. गाडी अडते ती जात वैधता प्रमाणपत्रावर, म्हणजे 'व्हॅलिडिटी'वर.

याला इतिहास आहे. खोटे दाखले काढून राखीव जागा लाटल्या जाऊ लागल्या, म्हणून १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली. पुढे राज्याने कायदा केला, तो १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू आहे. पुरावा मात्र जुना हवा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा.

आता गंमत बघा. १९५० साली आपला भंडारा महाराष्ट्रात नव्हताच! आपण होतो मध्य प्रदेशात, आणि त्याची राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १ मे १९९९ ला गोंदियाही वेगळा झाला. म्हणजे आजोबा आपल्या गावातून हलले नाहीत, पण त्यांच्या कागदावरचं राज्य दोनदा बदललं आणि कुणाकुणाचा जिल्हाही.

मग शोध सुरू होतो. शाळा शिकलेल्यांची नोंद 'दाखल-खारीज'मध्ये सापडते. जमीन असलेल्यांचा शेताचा कागद निघतो. पण ज्यांच्याकडे शेत नव्हतं आणि शाळाही नव्हती, त्यांचं काय? त्यांच्यासाठी उरतं ते कोतवाल बुक. जुन्या मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची वही बगलेत मारून पोलीस ठाण्यात जायचा आणि तिथे नोंद व्हायची. हा कोतवाल बहुधा महार समाजातला, स्वतःला लिहिता-वाचता न येणारा. ज्याला घराच्या ओट्यावर चढू देत नव्हते, त्याने वाहून नेलेल्या वहीत आज त्याच घराची पणतवंडं आपलं नाव शोधतात. काळाचा न्याय म्हणतात तो हाच असावा.

दाखल-खारीज लिहिणाऱ्यांपैकी मीही एक. बाप सांगेल ते आम्ही मास्तर लोक लिहीत गेलो. तो एक शब्द पुढे पन्नास-साठ वर्षांनी एखाद्या पोरीचं मेडिकल ठरवेल, असं तेव्हा कुणाच्या मनात येणार! आणि त्याच पानाला वाळवी लागली तर? खरी हक्कदार असूनही तिची राखीव जागा हातची जाते. खोटं पकडायला केलेल्या नियमाचा जाच सर्वात जास्त होतो तो ज्यांच्यामागे कागद नाही त्यांना.

म्हणून सांगतो, नातवंडं दहावीत असतानाच तहसीलच्या अभिलेख कक्षात जा, जुन्या नोंदींच्या प्रमाणित नकला काढा आणि स्कॅन करून ठेवा. बारावीच्या निकालाची वाट बघू नका.

असो. तुमच्या घरचा सर्वात जुना कागद कोणता? जरूर कळवा.