तीनशे पन्नासातले एकशे ऐंशी

बाबासाहेबांनी मंत्रिपद का सोडलं? आपल्यातल्या कुठल्याही पोराला विचारा, हिंदू कोड बिल असं झोपेतही सांगेल. बरोबर आहे, पण अर्धंच. राजीनाम्याचं निवेदन १० ऑक्टोबर १९५१ चं. दुसऱ्या दिवशी ते संसदेत वाचायचं होतं. उपसभापतींनी आधी प्रत मागितली. बाबासाहेब उठून बाहेर आले आणि निवेदन वर्तमानपत्रांच्या हाती दिलं. त्यात हिंदू कोड शेवटी येतं. त्याआधी अस्पृश्यांच्या उपेक्षेचा जाब आहे, आणि त्यामागोमाग काश्मीर, फौज, फौजेचा खर्च. ही पानं आपण १४ एप्रिलच्या भाषणातून गाळतो.

का गाळतो? मला वाटतं, आपली अडचण होते. आपण फौजेतली माणसं. कोरेगावच्या खांबावरची 'नाक' लागलेली नावं आपली. रामजी सुभेदार आपले. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा नुसता पगार गेला नाही; माणूस म्हणून मिळालेला मान अंगावरून उतरवला गेला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तशी महार पलटण उभारली, गरज सरल्यावर १९२१ साली मोडली. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९४७-४८ च्या काश्मीर लढाईत तिच्या मशीनगनी होत्या. आपल्या जातीला फौजेचं दार उघडणारा हाच माणूस फौजेचा खर्च मांडून जाब विचारतो, तेव्हा त्याला भेकड कोण म्हणणार?

हिशेब सरळ होता. देशाचा वर्षाचा महसूल ३५० कोटी. त्यातले सुमारे १८० कोटी फौजेवर. म्हणजे रुपयातले आठ आण्यांहून जास्त. एवढी फौज का पोसावी लागते? परराष्ट्र धोरणामुळे जगात भरवशाचा मित्र उरला नाही, आणि काश्मीरचं भांडण मिटत नाही म्हणून. मग भुकेल्याच्या पोटाला आणि कारखानदारीला पैसा आणायचा कुठून? हा प्रश्न त्यांनी केला.

लढाई १ जानेवारी १९४९ ला थांबली होती. पण संयुक्त राष्ट्रांच्या ऑगस्ट १९४८ च्या ठरावाप्रमाणे आधी पाकिस्ताननं फौज काढायची, मग भारतानं बरीचशी काढायची, ते घडलंच नाही. दोन्ही फौजा समोरासमोर राहिल्या. बाबासाहेबांचं म्हणणं, कोण खरा नि कोण खोटा यावर किती दिवस भांडणार? योग्य काय ते ठरवा. त्यांचा तोडगा फाळणीचा: हिंदू-बौद्ध मुलूख भारताला, मुसलमान मुलूख पाकिस्तानला. नाहीतर तीन भाग करा आणि सार्वमत फक्त खोऱ्यात घ्या. काश्मीरपेक्षा पूर्व बंगालातल्या आपल्या माणसांची काळजी जास्त करा, हेही त्यांनी बजावलं.

धर्मावर रेघ मारायचा हा तोडगा मला सगळाच गळी उतरत नाही. १९४७ च्या रेघेवर किती रक्त सांडलं ते आपण जाणतो. त्यावर वाद घाला. आणि बाबासाहेबांना शांतीचा जप करणारे संतही करू नका. ऑगस्ट १९५४ मध्ये राज्यसभेत त्यांनीच पंचशीलावरच्या भाबड्या विश्वासाची खिल्ली उडवली आणि तिबेटवरून चीनबद्दल सावध केलं. तोडगा बाजूला ठेवला तरी हिशेब उरतो: न मिटवलेल्या भांडणाची किंमत कोण भरतो?

आमच्या माहुलला या. रिफायनऱ्यांच्या शेजारी इमारती. तानसाच्या जलवाहिनीकडेच्या झोपड्या पाडून २०१७ पासून हजारो कुटुंबं इथं आणून टाकली. माहुल-आंबापाड्याच्या लोकांच्या आरोग्याला इथल्या हवेचा धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ सालीच नोंदवलं होतं. इथली पोरं पहाटे भरतीसाठी पळतात, ती याच हवेत छाती भरून. २०२२ च्या अग्निपथ योजनेनं नोकरी चार वर्षांची केली. पुढं चारातला फार तर एक राहणार. पोरांनो, जाऊ नका असं मी म्हणत नाही. भाकरी कुणाला नको? पण जाताना हिशेब मागा.

पुढच्या बैठकीत एवढं करू. ते निवेदन अख्खं, मोठ्यानं वाचू. शेजारी यंदाच्या अर्थसंकल्पातले तीन आकडे खडूनं लिहू: संरक्षण, आरोग्य, आपल्या पोरांच्या शिष्यवृत्त्या. मग बोलू.